निनावी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची ओळख

कंपनीचे नाव, मॉडेल क्रमांक वा सर्किटची आकृती नसलेला जुना किंवा घरगुती व्हॉल्व्ह (काचेची निर्वात नळी) ॲम्प्लिफायर मुळात कशासाठी बांधला होता, हे सॉकेटच्या जोडणीवरून आणि ट्रान्सफॉर्मरवरून ठरवतात. बसवलेल्या व्हॉल्व्हवर फार विसंबू नये. आधीच्या कुणा दुरुस्तीत हाताला लागला तो खोचलेला असू शकतो.

प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीज साठवून डीसी पुरवठा सपाट करणारा भाग) ३०० ते ४५० व्होल्ट उरू शकतात. ते १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून चासीत (धातूच्या सांगाड्यात) उतरवावेत आणि मीटर शून्यावर आल्यावरच आत हात घालावा. मेन ट्रान्सफॉर्मर नसून यूएल८४, यूवाय८५ असे व्हॉल्व्ह दिसले, तर चासीतच करंट असू शकतो.

काचेवरचा पुसट छाप बोटाने चोळला की कायमचा जातो. त्यावर तोंडाची वाफ सोडावी, अक्षरे क्षणभर उमटतात. फिलिप्स-मुलार्डच्या काचेवर बुडाशी बारीक संकेतही असतो: ‘एक्सएफ’ म्हणजे ईएल३४, ‘आरएक्स’ म्हणजे ईएल८४.

पिना खालच्या बाजूने, खाचेपासून घड्याळाच्या दिशेने मोजाव्यात. हीटर (तापणारी तार), कॅथोड, ग्रिड, स्क्रीन आणि प्लेट हे व्हॉल्व्हच्या आतले भाग. आठ पिनी सॉकेटात २ व ७ हीटर, ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ ग्रिड आणि ८ कॅथोड असेल, तर ६व्ही६, ६एल६ आणि ईएल३४ तिन्ही बसतात, आणि घोटाळा इथेच होतो. १ व ८ पिना जोडलेल्या असल्या तर ईएल३४ची शक्यता जास्त. हीटरला ६व्ही६ ०.४५ अँपिअर घेतो, ईएल३४ तब्बल १.५, ६व्ही६च्या जागी ईएल३४ लावला की मेन ट्रान्सफॉर्मर तापून जळू शकतो. नऊ पिनी सॉकेटात ग्रिड २, प्लेट ७, स्क्रीन ९ असेल तर तो बहुधा ईएल८४.

खरी साक्ष आउटपुट ट्रान्सफॉर्मर देतो. तो सर्किटपासून सोडवून प्लेटकडच्या गुंडाळीला ६.३ व्होल्ट एसी द्यावा. समजा, स्पीकरच्या तारांवर ०.२५ व्होल्ट मिळाले. प्रमाण २५, वर्ग ६२५; ८ ओहमच्या स्पीकरने गुणले की प्लेटला दिसणारा भार ५,००० ओहम, म्हणजे ट्रान्सफॉर्मर एकट्या ६व्ही६ला साजेसा. दोन प्लेटांमध्ये ८,००० ओहम आले तर ईएल८४ची जोडी.

घरगुती यंत्रे बहुधा छापील सर्किटवरूनच बांधलेली असतात. ईएफ८६, ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि ईझेड८१ असा संच म्हणजे मुलार्डचे ‘५-१०’ हे सर्किट. दोन केटी६६ व्हॉल्व्ह दिसले तर १९४७च्या विल्यमसन सर्किटशी ताडून पाहावे.

पहिल्यांदा चालू करताना मेनच्या तारेत १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये आणि स्पीकरच्या जागी ८ ओहम, २० वॅटचा रेझिस्टर लावावा. लोड नसताना सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आत ठिणगी पडते. बल्ब भपकन पेटून मंदावला तर ठीक. भगभगीतच राहिला तर आधी फिल्टर कपॅसिटर आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) तपासावेत.