कॅल्क्युलेटरवरील सामायिक लायब्ररी : पार्श्वभूमी

सोलापुरात आलेख काढणारा कॅल्क्युलेटर बहुधा परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतूनच येतो. बारावीपर्यंत लॉग टेबल उलटलेला विद्यार्थी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या टीआय-८४ प्लस सीईवर केबलने पहिला सी प्रोग्रॅम उतरवतो आणि तो ‘लिबलोड हवे’ अशा अर्थाची ओळ दाखवून थांबतो. प्रोग्रॅमात दोष नसतो. त्याला लागणारी लायब्ररी, म्हणजे नेहमीच्या कामांच्या तयार फंक्शन्सचा संच, आणि ती जोडून देणारा लिबलोड यंत्रात नसतात.

१९९० च्या टीआय-८१ ला जोडणीचे पोर्टच नव्हते, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवला नाही. पुढे केबल आली आणि टीआय-८५ वर शेलमधून, म्हणजे इतर प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, असेंब्ली (यंत्रभाषेच्या अगदी जवळच्या भाषेतले) प्रोग्रॅम चालू लागले. चित्रे उमटवण्याची नेहमीची फंक्शन्स शेलच पुरवू लागला.

खरा वाद पेटला तो १९९८ च्या टीआय-८९ वर. एका पक्षाने कर्नल नावाचा छोटा प्रोग्रॅम स्मृतीत बसवून सर्वांसाठी एकच लायब्ररी ठेवली. दुसऱ्याने लागणारी फंक्शन्स कंपाइल करतानाच, म्हणजे प्रोग्रॅम यंत्रभाषेत बदलतानाच, त्यात घातली आणि त्या पद्धतीला ‘नोस्टब’ हे नाव पडले. स्टब म्हणजे आरंभी कर्नलची चाचपणी करणारा तुकडा. तो नसलेला तो नोस्टब, एवढाच मूळ अर्थ. पुढे मात्र ‘लायब्ररी न वापरणारा प्रोग्रॅम’ असा अर्थ रूढ झाला, आणि तो साफ चुकीचा आहे, कारण नोस्टब प्रोग्रॅमही लायब्ररी वापरतच असे, फक्त ती त्याच्या पोटात असे. नोस्टबवाल्यांचा मुद्दा बिनतोड होता : वर्गातला एक मुलगा दुसऱ्याला केबलने खेळ देतो तेव्हा लायब्ररी मागे राहते, आणि रॅम पुसली गेली की कर्नल पुन्हा बसवावा लागतो. तरीही या पक्षाचे कौतुक जरा जास्तच झाले. चादरीच्या जेकार्ड मागांवर नक्षी एकच असली तरी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ प्रत्येक मागाला वेगळी लागते आणि नक्षीतली चूक प्रत्येक माळेत दुरुस्त करावी लागते; तसेच लायब्ररीतली चूक प्रत्येक नोस्टब प्रोग्रॅमात वेगळी दुरुस्त करावी लागे, आणि इथे तर पुष्कळ प्रोग्रॅमांचे कर्ते शिक्षण संपवून केव्हाच दूर गेलेले होते.

२०१५ च्या सीईसाठी पुढे सी भाषेची साधने तयार झाली तेव्हा सामायिक लायब्ररीचा मार्ग पुन्हा निवडला गेला, पण धडा घेऊन. चित्रे काढण्याच्या ग्राफएक्ससारखी लायब्ररी साठवणीच्या स्मृतीत डेटा फाइल म्हणून राहते. प्रोग्रॅम सुरू होताच लिबलोड तिची प्रत रॅममध्ये आणून तिच्या फंक्शन्सचे स्मृतीतले पत्ते प्रोग्रॅमाशी जुळवतो आणि आवृत्ती क्रमांक तपासतो. नवे फंक्शन यादीच्या शेवटीच जोडायचे, जुन्यांचा क्रम हलवायचा नाही, या शिस्तीमुळे जुने प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवरही चालतात. ‘सामायिक’ म्हणून रॅम वाचते, असा समज मात्र करून घेऊ नये. एका वेळी एकच प्रोग्रॅम चालणाऱ्या यंत्रात बचत होते ती साठवणीची.

२०२० मध्ये कंपनीने परीक्षेतील गैरप्रकारांच्या चिंतेतून कॅल्क्युलेटरच्या नव्या कार्यप्रणालीत असेंब्ली आणि सी प्रोग्रॅमच बंद केले. हा उपाय अतिरेकी होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच वर्षी हौशी मंडळींनी पळवाट शोधली. त्या वाटेने जाणाऱ्यालाही प्रोग्रॅमआधी लायब्ररींचा संच यंत्रात उतरवावाच लागतो.