पार्श्वभूमी : ‘भाऊ, नंबर सांगा’

वीस तारीख जवळ आली, जीएसटीचं ३बी रिटर्न अडलं, की जळगावच्या अकाउंटंटचा फोन चोपड्याच्या कापसाच्या जिनिंगवर जातो. “भाऊ, नंबर सांगा.” पलीकडून, लांबून संगणक चालवू देणाऱ्या प्रोग्रॅमने दिलेले नऊ-दहा आकडे तीन-तीन करून वाचले जातात, ‘स्वीकारा’ हे बटण दाबलं जातं आणि जिनिंगच्या स्क्रीनवरचा माउसचा बाण आपसूक टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये शिरतो. पहिल्यांदा बघणारा दचकतोच.

लांबच्या संगणकात शिरायची सोय १९६९ पासूनची, पण तेव्हा नुसत्या अक्षरांची. फोनलाइनवरून संगणक जोडणाऱ्या मोडेमच्या काळात समोरच्या मोडेमचा फोन नंबर फिरवायचा, की झालं. २००१ च्या विंडोज एक्सपीत लांबच्या संगणकाचा अख्खा स्क्रीन दाखवणारं रिमोट डेस्कटॉप आलं, तेही प्रोफेशनल आवृत्तीत; होम आवृत्तीवाल्यांना फक्त मदत मागता यायची.

खरी अडचण ऑफिसात इंटरनेट वाटणाऱ्या राउटरने केली. इंटरनेटवर संगणक शोधायचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी, म्हणून अख्ख्या ऑफिसला बाहेरून एकच पत्ता आणि आत प्रत्येक संगणकाला १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ता. बाहेरून आलेल्याने आत कुणाचं दार ठोठवायचं, हे राउटरला कळत नाही. उपाय होता : राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, उघडा ठेवायचा आणि जास्तीचे पैसे भरून स्थिर, न बदलणारा आयपी घ्यायचा. पण उघड्या पोर्टवर पासवर्ड ओळखू पाहणारे दिवसरात्र येऊन धडकतात. पुढे मोबाइल इंटरनेटवर तर कंपनीच शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवू लागली, तिथे पोर्ट उघडणं आपल्या हातातच राहिलं नाही.

२००५ नंतर पसरलेल्या या नंबरवाल्या प्रोग्रॅमांनी वाट उलटी केली. दोन्ही संगणक आतून बाहेर, प्रोग्रॅमवाल्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातात. सर्व्हर नंबर पाहून दोघांची गाठ घालून देतो. जमलं तर पुढे दोघे थेट बोलतात, नाही जमलं तर सगळं त्या सर्व्हरमधूनच वाहतं. आपल्याकडे याला सरसकट ‘डायरेक्ट कनेक्ट’ म्हणतात. कित्येकदा ते डायरेक्ट नसतंच, आणि मधला माणूस कोण, हे कुणी विचारत नाही. जीएसटी आला २०१७ साली, आणि ही सवय रावेर-सावद्याच्या केळीच्या पेढ्यांपर्यंत गेली.

नंबर सांगायला सोपा, म्हणून मागायलाही सोपा. २०१९ च्या फेब्रुवारीत देशाच्या मध्यवर्ती बँकेने अशा अ‍ॅपमधून मोबाइलचा ताबा घेऊन खाती रिकामी केली जातात, असा इशारा दिला. माझ्या मते दोष अ‍ॅपचा कमी, ‘स्वीकारा’ या बटणाचा जास्त : टॅली दुरुस्त करायला येणारा आणि खातं लुटायला येणारा, दोघांसाठी ते एकच आहे.

ओळखीच्या एका जिनिंगवाल्याने आता टॅलीचा संगणक वेगळा काढलाय. नेटबँकिंग त्यावर उघडतच नाहीत. अकाउंटंटचं काम आटोपलं, की मुनीम आधी त्या संगणकाची वायर काढतो, मग चहा सांगतो.