हायड्रंटचं प्रेशर कुठून येतं आणि कुठे जातं
(सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी, मॅनेजर आणि वॉचमन मंडळींसाठी)

हायड्रंट म्हणजे आग विझवायला मजल्या-मजल्यावर पाणी पोचवणारी पाइपलाइन आणि तिचे व्हॉल्व्ह. पंपरूममधल्या गेजवर सात किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दिसतंय म्हणजे सगळं ओके, असं बऱ्याच सोसायट्यांमध्ये धरून चालतात. पण ते प्रेशर सगळे व्हॉल्व्ह बंद असतानाचं असतं, पाणी वाहायला लागलं की उतरतं, आणि किती उतरतं ते सगळ्यात वरच्या मजल्यावर होज (आग विझवायचा लवचिक पाइप) लावून व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय कळत नाही. साधा हिशोब करा. दर दहा मीटरला साधारण एक किलो प्रेशर नुसतं पाणी वर चढवण्यातच जातं. पंधरा मजले म्हणजे ४५ मीटर धरले तर साडेचार किलो तिथेच संपले, वरच्या व्हॉल्व्हला साडेतीन तरी हवेत, पाइप आणि बेंडमधला लॉस वेगळाच. म्हणजे आठच्या वर लागतात, सातवर भागत नाही.

त्यात आग लागली की बऱ्याचदा बिल्डिंगची लाइट बंद करावी लागते, आणि डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असली तर तोही स्टार्ट होत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो गेटजवळचा लाल फायर ब्रिगेड इनलेट. फायर ब्रिगेडची गाडी तिथे लागते, गाडीच्या पंपाचे होज त्याला जोडतात आणि गाडीचा पंप तुमच्या रायझरमध्ये (खालून वरपर्यंत जाणाऱ्या उभ्या पाइपमध्ये) प्रेशर भरतो, मग मजल्या-मजल्यावरच्या व्हॉल्व्हला पाणी मिळतं आणि खालपासून जिन्यातून होज ओढत न्यावा लागत नाही.

पण हे सगळं अवलंबून आहे दोन एनआरव्हींवर, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर. इनलेटचा एनआरव्ही जाम असेल तर गाडीने कितीही जोर लावला तरी पाणी आत जाणार नाही. आणि पंपाच्या डिलिव्हरीचा (पाणी बाहेर पडतं त्या बाजूचा) एनआरव्ही उघडा अडकला असेल तर तेच पाणी उलट पंपातून खालच्या टाकीत जातं, वर प्रेशर चढतच नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून आम्ही सर्व्हिसला आलो की हे दोन आधी बघतो.

इनलेटची झाकणं चोरीला जातात, मग आत माती, गुटख्याच्या पुड्या, कधी दगड सापडतात. हा कचरा एनआरव्हीत अडकतो नाहीतर थेट वरच्या नोझलपर्यंत जातो. झाकण गेलं की लगेच सांगा. इनलेटसमोर गाडी तर अजिबात पार्क करू देऊ नका. काही बिल्डिंगमध्ये दोन इनलेट असतात, एक रायझरचा, एक टाकी भरायचा. कुठला कशाचा ते मोठ्या अक्षरात लिहून घ्या, घाईत चुकीच्या ठिकाणी होज लागला तर महत्त्वाची मिनिटं जातात.

मजल्यावरचे ६३ एमएमचे व्हॉल्व्ह जिना धुवायला, गाड्या धुवायला कृपया वापरू नका. वॉशर खराब होतो, मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक व्हॉल्व्ह वाहत राहिला तरी बाराव्या मजल्याचं प्रेशर पडतं. व्हॉल्व्ह उघडताना नोझल दोघांनी घट्ट धरायचं आणि व्हील हळूहळू फिरवायचं, एकदम उघडलं तर होज झटका मारतो, माणूस पडू शकतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या फायर कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्स्ड एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं सर्टिफिकेट, द्यायचा असतो. नुसत्या कागदावर सही मागू नका, त्या दिवशी वरच्या मजल्यावर पाणी काढून दाखवायला सांगा, आम्हालाही सांगा. टेस्टच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लावा, आणि पंपरूमची चावी सेक्रेटरींच्या घरी न ठेवता चोवीस तास वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा.