कॅम्पर व्हॅनमधील फर्निचर : साहित्याची निवड

झोपण्या-रांधण्याची सोय केलेल्या व्हॅनमधले फर्निचर घरातल्यासारखे एका जागी उभे राहत नाही. ते गाडीबरोबर हादरे खाते आणि किलोच्या हिशेबातही येते. युरोपात साध्या ‘बी’ वर्गाच्या परवान्याची मर्यादा दीर्घकाळ ३,५०० किलो राहिली आहे. त्यात गाडी, पाणी, बॅटरी, माणसे, सामान सगळे आले.

त्यामुळे कारागिराची झुंज मुख्यतः प्लायच्या वजनाशी असते. ८ × ४ फुटी, १२ मिमी जाडीची, बर्च या झाडाच्या लाकडाची प्लाय साधारण २४ किलो भरते; तेवढीच पॉप्लर या हलक्या लाकडाची सुमारे १५ किलो. १८ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) ४० किलोच्या आसपास जाते. बर्च कणखर असते, तिच्यात स्क्रू घट्ट बसतो. पॉप्लर मऊ असते आणि ओल लागली की लवकर खराब होते, तरी कपाटाच्या बाजू आणि दारे यांना ती पुरते. जाडी वाढली की ताठपणा घनाच्या पटीत वाढतो: १२ ऐवजी १५ मिमी घेतली तर तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून हलक्या लाकडाची जरा जाड फळी बहुधा फायद्याची. घरकामाला १९ मिमी प्लाय लावण्याची आपल्या सुतारांची सवय मात्र इथे अंगाशी येते.

सनमायकाचे वजन अनेकजण विसरतात. १ मिमीचा एक पत्रा सुमारे ४ किलो. एकाच बाजूला चिकटवला तर फळी वाकते, म्हणून दोन्ही बाजूंना लावायचा. म्हणजे पॉप्लरच्या १५ किलोंवर आणखी ८ किलो.

पार्टिकल बोर्ड स्वस्त असला तरी टाळावा. रोजच्या थरथराटाने स्क्रूभोवतीचा भुसा सैल होतो आणि एखाद्या खड्ड्यात दार बिजागरीसकट हातात येते.

अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचे, पण ताठपणाही तेवढाच कमी. फायदा मिळतो तो पोकळ, खाचांच्या चौकटीमुळे. अशी चौकट भार घेत असेल तर मधल्या फळ्या ४-६ मिमीच्याही चालतात. तिचे नट मात्र हादऱ्यांनी सुटतात, म्हणून नायलॉन कडीचे नट वापरतात.

साहित्य कोणतेही असो, ते गाडीच्या फासळ्यांना रिवनट (पत्र्याच्या भोकात रिव्हेटसारखे पक्के बसणारे आटेदार नट) आणि बोल्टने बांधावे लागते. बाहेरच्या पातळ पत्र्यात मारलेला स्क्रू जोराच्या ब्रेकला भरलेले कपाट धरून ठेवत नाही.