सिरीयलमधला नट गातोही आणि नाटकही बसवतो, हे पुण्यात कुठून आलं?

टीव्हीवर रोज दिसणारा एखादा नट मधेच कुठल्यातरी कार्यक्रमात पेटी घेऊन बसतो, गातो पण सुरात, आणि मग कळतं की अरे मागच्या वर्षीचं ते नाटक ह्यानेच तर बसवलेलं. लोकांना केवढं नवल वाटतं. पुणेकरांना फारसं वाटत नाही (तसं त्यांना कशाचंच वाटत नाही म्हणा), पण ह्यामागे बराच जुना इतिहास आहे.

१९६३ साली महाराष्ट्रीय कलोपासक ह्या संस्थेने पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा सुरू केली. कॉलेजच्या पोरांची एकांकिका, लाईट म्युझिक सेट सगळं पोरांनीच सांभाळायचं, आणि भरत नाट्य मंदिरात प्रेक्षकांतून 'आव्वाज कुणाचा'च्या घोषणा चालू असताना उभं राहून दाखवायचं. एकच काम येणाऱ्याचा ग्रुपला काय उपयोग?

पण खरी गंमत झाली १९७२ ला. २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि १६ डिसेंबरला इकडे पुण्यात पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन) ह्या नाट्यसंस्थेने विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' केलं, दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे, संगीत भास्कर चंदावरकर. त्यात ब्राह्मणांची ती रांग होती ना, धोतर उपरण्यातली, ती डोलते, गाते, पाठ फिरवली की नुसती भिंत होते, पुन्हा वळली की गर्दी. म्हणजे त्या रांगेतल्या प्रत्येकाला सूर हवा, ताल हवा, पाय हवेत आणि अभिनय तर हवाच. चंद्रकांत काळे, रवींद्र साठे ही मंडळी त्याच नाटकातली. १९ प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवलं, मग १९७३ मधे नाटकातल्या ह्याच लोकांनी थिएटर अकॅडमी ही स्वतःची संस्था काढली आणि पुढे प्रयोग परत सुरू केले.

१९७४ ला सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं, लिहिलं त्यांनीच, बसवलंही त्यांनीच. नायक सुरुवातीलाच मेलेला आणि तो मेलेला माणूसच कीर्तन करतोय! ती भूमिका काळ्यांची. न गाणाऱ्या नटाच्या हातात तिथे काय देणार? माझ्या मते ऑलराउंडर नट म्हणजे काय ते पुण्याला ह्या दोन नाटकांनी शिकवलं, बाकी सगळं नंतरचं.

त्याच वर्षी दिल्लीहून टीव्हीचं ट्रेनिंगही लॉ कॉलेज रोडला फिल्म इन्स्टिट्यूटमधे आलं. चंदावरकर तिथे संगीत शिकवायचे, म्हणजे नाटकवाले आणि कॅमेरावाले एकाच गावात.

अगदी अलीकडचं सांगायचं तर २०२२ चा 'मी वसंतराव' हा सिनेमा घ्या. दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी हा स्वतः नट, आणि राहुल देशपांडेने त्यात अभिनय केला, गायला आणि संगीतही दिलं. सिरीयलमधे हे सगळं दाखवायला स्कोप कुठे, रोजचा एपिसोड द्यायचा असतो, म्हणून तर ही मंडळी टीव्ही करता करता नाटकाचा ग्रुप काही सोडत नाहीत.