घरी बांधलेल्या विमानाचा तोल

घरच्या घरी विमान बांधणाऱ्याची बातमी आली की इंजिन किती ताकदीचे आहे आणि ते कोणत्या मोटारीचे काढून बसवले, एवढेच तिच्यात बहुधा असते. इंजिन दणकट असले की कोणताही सांगाडा उडेल, हा समज अशा गाजावाजातूनच पक्का होतो. जमिनीवरून चाके सुटण्यासाठी इंजिन लागतेच. परंतु सुटलेले विमान आटोक्यात राहील की नाही, हे मुख्यतः त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे धरता येते तो बिंदू, कुठे आहे यावर ठरते.

झुळकेने विमानाचे नाक किंचित वर उचलले गेले, असे समजा. मुख्य पंख आणि शेपटीचा आडवा पंख या दोहोंचा वाऱ्याशी असलेला कोन वाढतो आणि दोहोंवरची उचल बदलते. ही वाढीव उचल एकत्रितपणे ज्या बिंदूवर कार्य करते, तो तटस्थ बिंदू. विमान मात्र फिरते गुरुत्वमध्याभोवती. गुरुत्वमध्य तटस्थ बिंदूच्या पुढे असेल, तर वाढीव उचल मागचा भाग वर रेटते आणि वैमानिकाने काही न करताही नाक खाली येते. तो मागे सरकला असेल, तर तीच उचल नाकाला आणखी वर ढकलते, कोन वाढत जातो आणि अखेरीस पंखावरचा हवेचा प्रवाह तुटून विमान स्टॉल होते, म्हणजे पंखाची उचल एकदम घटते.

गुरुत्वमध्य काढण्यास शाळेतले आघूर्ण, म्हणजे वजन गुणिले अंतर, पुरते. वैमानिकासह विमान तीन वजनकाट्यांवर उभे केले आणि नाकापासून ०.५ मीटरवरच्या पुढच्या चाकाखाली ८० किलो, तर २ मीटरवरच्या दोन चाकांखाली मिळून ३०० किलो भरले, तर आघूर्णांची बेरीज ६४० येते. तिला एकूण वजनाने, म्हणजे ३८० ने, भागले की नाकापासून गुरुत्वमध्याचे अंतर मिळते: १.६८ मीटर. आता शेपटीत, नाकापासून ५ मीटरवर, रेझिन आणि रंग मिळून ५ किलो जास्त लागले, तर गुरुत्वमध्य १.७३ मीटरवर जातो. एवढ्याशा वजनाने तो चार सेंटीमीटरहून जास्त मागे सरकतो, आणि छोट्या विमानात त्याला सुरक्षितपणे हलायला मिळणारी जागा अनेकदा दहा-पंधरा सेंटीमीटरच असते. म्हणूनच अनुभवी बांधणारे शेपटीचा एकेक भाग बसवण्यापूर्वी तोलून पाहतात आणि बॅटरीची जागा शेवटी, तोल साधेल अशी ठरवतात.

हवेच्या बलांचा हिशेब मात्र काट्यावर कळत नाही. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांचे एकामागे एक दोन पंखांचे ‘पू द्यू सिएल’ हे छोटे विमान १९३३ मध्ये उडाले आणि हौशी लोकांनी ते उत्साहाने बांधले. पण त्याचे जीवघेणे अपघात होऊ लागले. दोन्ही पंखांचे प्रवाह एकमेकांत गुंतल्याने तीव्र सुरकांडीत दांडा ओढूनही नाक वर येत नाही, हे पुढे वातबोगद्यातील (विमानावर वारा सोडून पाहण्याच्या बोगद्यातील) चाचण्यांत दिसून आले. त्यामुळे आराखड्यातील शेपटीचे क्षेत्रफळ किंवा पंखांमधले अंतर बदलणाऱ्याने तटस्थ बिंदूचे गणित नव्याने मांडणे आवश्यक असते.