वॉम्पमचा पट्टा आणि नायगाऱ्याची टाचण्यांची उशी

नायगाऱ्याला जाऊन आलेल्या मराठी माणसाच्या फोटोंत धबधबा असतो, अंगावर प्लास्टिकचा रेनकोट असतो आणि हातात फ्रिजला चिकटवायचं मॅग्नेट. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्रवासी तिथून वेगळी वस्तू आणायचा: आत भुसा ठासून भरलेली, वर काचेच्या मण्यांची फुगीर फुलं शिवलेली मखमली उशी, टाचण्या टोचून ठेवायला. ती शिवणारी बाई बहुधा टस्करोरा असायची. टस्करोरा हे होडिनोशोनी या उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या महासंघातलं सहावं राष्ट्र. मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कायुगा आणि सेनेका ही आधीची पाच. (इंग्रजी पुस्तकांत सापडणारं ‘इरोक्वाय’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. होडिनोशोनी म्हणजे लांबघरातले लोक.)

याच लोकांची दुसरी मण्यांची वस्तू म्हणजे वॉम्पमचा पट्टा. दोन्ही वस्तू ‘मणीकाम’ या एकाच नावाखाली मांडल्या की बघणाऱ्याला वाटतं, कला एकच, नमुने दोन. माझाही बरीच वर्षं तोच समज होता.

फरक मण्यापासूनच सुरू होतो. वॉम्पमचा मणी शिंपल्याचा. पांढरा मणी वेल्क नावाच्या समुद्री गोगलगायीच्या शंखातून निघतो, जांभळा क्वाहॉग या जाड कवचाच्या शिंपल्यातून. हा क्वाहॉग आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातला. त्याच्या कवचात जांभळा भाग थोडाच असतो, म्हणून जांभळ्या मण्याला मान जास्त. कवच फोडायचं, तुकडे घासून गोल करायचे आणि लांबीतून आरपार भोक पाडायचं. मणी होतो जेमतेम बासमतीच्या दाण्याएवढा लांब. धातूची गिरमिटं युरोपातून येण्याआधी एका मण्यामागे किती वेळ जात असेल, याचा अंदाज करून बघा. उशीवरचा मणी मात्र काचेचा, व्हेनिस किंवा बोहेमियातून जहाजाने आलेला आणि दुकानातून विकत घेतलेला.

आता पट्टा. नावाला पट्टा, पण तो कमरेला बांधायचा नाही. तो दोन्ही हातांवर धरून लोकांसमोर उभं राहायचं आणि त्यात काय ठरलं आहे ते बोलून दाखवायचं. मणी म्हणजे अक्षरं नव्हेत. शब्द माणसाच्या आठवणीत असतात आणि पट्टा त्यांना धरून ठेवतो. महासंघ जुळवणाऱ्या हायावाथाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हायावाथा पट्ट्यात साडेसहा हजारांवर मणी आहेत. जांभळ्या पार्श्वभूमीवर चार पांढरे चौकोन, मधोमध एक झाड, आणि सगळ्यांना जोडणारी रेघ. पाच राष्ट्रं भांडण मिटवून एक झाली, ते हे. मधलं झाड ओनोन्डागांचं, कारण महासंघाची सभा त्यांच्याकडे भरते. आज होडिनोशोनींच्या झेंड्यावर हीच आकृती आहे.

दुसरा प्रसिद्ध पट्टा दोन रांगांचा: पांढऱ्यावर दोन समांतर जांभळे पट्टे. एक डचांचं जहाज, एक होडिनोशोनींची होडी. नदी एकच, पण कुणी दुसऱ्याचं सुकाणू धरायचं नाही. परंपरा हा करार १६१३चा मानते. त्या सालचा म्हणून जो कागद दाखवला जातो तो बनावट असल्याचं अनेक अभ्यासक सांगतात, पण ज्यांचा दस्तऐवज मुळात कागद नव्हताच त्यांना त्याने किती फरक पडावा? २०१३ साली चारशे वर्षं झाली म्हणून हडसन नदीतून न्यूयॉर्कपर्यंत होड्या वल्हवत नेल्या, त्याही दोन समांतर रांगांत.

‘वॉम्पम म्हणजे रेड इंडियनांचा पैसा’ हे वाक्य कानावर आलं असेल. पैसा केला तो वसाहतवाल्यांनी. डच आणि इंग्रजांकडे नाणी कमी होती, म्हणून सतराव्या शतकात मणी मोजून व्यवहार चालायचे. क्वाहॉगच्या शास्त्रीय नावात, मर्सेनॅरियात, मोबदल्याचा लॅटिन शब्द आहे तो त्यामुळेच. मराठी वाचकाला हे कळायला जड जाऊ नये. ज्या कवडीने आपल्याकडे बाजार केला, तिचीच माळ भवानीचा भुत्या गळ्यात घालतो; ती माळ बघून कुणी त्याला सुटे पैसे मागत नाही.

पट्टे मात्र खरोखरच विकत घेतले गेले. माणसं अडचणीत असताना संग्राहक पोचले, एकेका पट्ट्याची किंमत ठरली, ओनोन्डागा कोर्टात गेले आणि हरले. बारा पट्टे न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयातून ओनोन्डागांकडे परत यायला १९८९ उजाडलं. त्यांत हायावाथा पट्टाही होता.

उशीची गोष्ट याच्या उलट आहे. ती विकण्यासाठीच केलेली होती आणि म्हणूनच तिला कुणी कला मानलं नाही. जाणकारसुद्धा ‘टूरिस्टांसाठीचा माल’ म्हणून नाक मुरडायचे. मला हे पटत नाही. जमीन हातची गेली, शिकार संपली, तेव्हा कितीतरी घरं या बायकांच्या सुईवर चालली. आणि सुई सोपी नव्हती. दोन टाक्यांत चार मण्यांची जागा असेल तर दोऱ्यात सहा-सात ओवायचे. जागा अपुरी पडते आणि मण्यांची ओळ कमान करून कापडावरून वर उठते. अशा कमानी शेजारी शेजारी बसवल्या की पाकळी हाताला लागते. आकार नेमका यावा म्हणून खाली कागदाचा साचा ठेवायचा, तो आतच शिवून टाकायचा. गिऱ्हाइकाला पक्षी, बूट, पर्स, वर मण्यांत सालही मिळायचं. यालाच उठावाचं मणीकाम म्हणतात.

सगळं काम परक्यांसाठीच होतं असंही नाही. १८५० च्या सुमारास सेनेका तरुणी कॅरोलाइन पार्करने स्वतःच्या स्कर्टवर असं मणीकाम केलं होतं, आणि ते घातलेला तिचा फोटो आहे. (अमेरिकी यादवीच्या शेवटी शरणागतीचा मसुदा ज्याने लिहून काढला तो ईली पार्कर तिचा भाऊ.) आणि काम थांबलेलंही नाही. विस्कॉन्सिनच्या ओनायडा कलाकार कॅरन ॲन हॉफमन यांना या कामासाठी २०२० साली नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. पट्ट्यांतूनही नवं निघतं: मोहॉक कलाकार ॲलन मायकलसन यांनी २००५ मध्ये दोन रांगांच्या पट्ट्याच्या मांडणीत ग्रँड नदीचे दोन काठ व्हिडिओवर समोरासमोर सरकत ठेवले. एका काठावर सहा राष्ट्रांची वस्ती, दुसऱ्यावर बाकीचा कॅनडा.

मग करार सांगणारी वस्तू ओळखायची कशी? नुसत्या मण्यावरून ओळखायला गेलात तर फसाल. क्वाहॉगच्या जांभळ्या कवचाची कानातली आज राजरोस विकली जातात. त्यांना वॉम्पमच म्हणतात, हौसेने घ्यावीत, पण त्यांच्यात कुणाचा करार नाही. आणि शिकवण्यासाठी केलेल्या पट्ट्याच्या प्रतिकृतीत मणी कृत्रिम असले तरी ती हातावर धरून उभा राहिलेला माणूस करारच सांगत असतो.